दोनशे चौदावी ओळ

"दोनशे चौदावी ओळ. हा आकडा तुम्हाला कसा कळला?" कंपनीच्या वकील भावना मॅडमनी विचारलं.

गजेंद्र सरांनी टेबलावरच्या पत्राकडे पाहिलं. पत्र त्यांचंच होतं, खाली सहीही त्यांचीच. मधल्या एका ओळीवर मॅडमनी पिवळा रंग फिरवला होता.

ते रागात लिहिलं गेलं होतं. आधीची तीन पत्रं नीट होती. संत्र्याच्या पानाचा फोटो काढला की झाडाला कोणता रोग आहे ते सांगणारा प्रोग्राम सरांनी लिहिला होता. अकोल्याच्या कॉलेजात शिकवून, सुट्या मिळतील तशा शेंदूरजनाघाटच्या बागा तुडवून, चार हंगाम. मग तो नेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. वापरा, बदला, पाहिजे तर विका; पण ज्याला द्याल त्याला बदललेला कोडही द्या आणि मूळ नाव पुसू नका, एवढीच अट. अमरावतीच्या या कंपनीनं तो उचलला, नाव बदललं आणि कोडला कुलूप लावलं. तिन्ही पत्रांना उत्तर एकच आलं : आमचा कोड आम्ही स्वतः लिहिला आहे.

चौथ्या पत्रात सर लिहून बसले की तुमच्या कोडच्या दोनशे चौदाव्या ओळीवर माझी टीप अजून तशीच आहे. 'इथं हात लावू नका, यापायी पुंजाजीच्या बागेत तीन दिवस गेले.'

"आमचा कोड बाहेर कोणालाच दिसत नाही. तो तीन माणसांच्या लॅपटॉपवर आहे, बस. मग तुम्ही कुठे वाचलात?" मॅडम म्हणाल्या.

त्या तिघांपैकी एक, वर्षाली, टेबलाच्या टोकाशी बसून बैठकीत काय बोललं जातंय ते टाइप करत होती. दोन वर्षांपूर्वी ती सरांच्या वर्गात होती. मागच्या रविवारी ती एसटीनं अकोल्याला आली, पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला आणि पाणीही न पिता उठली. "तुमचंच हाय हे, सर. मले रोज उघडा लागते अन् रोज लाज वाटते," एवढंच बोलली होती.

आता तिची बोटं थांबली होती.

"सर, मले तुमच्याशी भांडाचं नाही," कंपनीचे मालक शेखरभाऊ म्हणाले. "तुमी मास्तर माणूस. पण माह्या घरात चोर हाय. तो मले पायजे."

"चोरी कोणी केली, शेखरभाऊ?"

शेखरभाऊंनी मॅडमकडे पाहिलं.

"मी कोर्टात जातो. कोर्टच मागवंन तुमचा कोड. मंग दिसंन सगळ्याइले," सर म्हणाले.

"जरूर जा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "काही वर्षं लागतील, कदाचित जिंकालही. पण आमची तक्रार आज चार वाजता पोलिसांत जाईल. तिघांचे लॅपटॉप, तिघांचे फोन जमा होतील. कोणी काय कॉपी केलं, हे त्यातून निघतंच." त्यांनी दुसरा एक कागद पुढे सरकवला. "नाहीतर हे. कंपनीचा कोड मी कधीही पाहिला नाही, ती ओळ अंदाजानं लिहिली, माझी काही तक्रार नाही. एवढं लिहून दिलंत तर कोणाचीच चौकशी होणार नाही."

"अन् नेटवरचा तो तुमचा प्रोग्राम काढून टाका, तेही त्यात लिहेल हाय," शेखरभाऊंनी जोडलं. "दोन सारखे दिसतात. लोक गोंधळून राहिले."

"तो माहा हाय."

"म्हणूनच तं तुमाले म्हणतो. तुमालेच काढता येते."

सरांच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत चाळीस पानं होती, डाव्या बाजूला त्यांचा कोड आणि उजव्या बाजूला कंपनीचा, ओळीला ओळ. सकाळी बसमध्ये त्यांनी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही, फक्त पानं मांडायची.

पुंजाजीनं त्यांच्या कॅमेऱ्यापुढं पाचशे झाडांची पानं एकेक करून धरली होती. शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं होतं, "मास्तर, उद्या हे आमच्यासाठीच बंद तं नाही होणार ना?" सर तेव्हा हसले होते.

"सर, मी..." टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"वर्षाली," सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू लिही. मी सांगतो ते लिही. ती ओळ गजेंद्र सरांनी अंदाजानं लिहिली."

मग बटणं वाजली, एक-एक.

सरांनी पिशवी खाली ठेवली आणि पेन मागितलं. सही केली. तारीख घातली. मॅडमनी कागद फिरवून पाहिला.

"साक्षीदार राहिला एक."

"ही हाय ना," शेखरभाऊ म्हणाले. "ये वर्षाली, कर सही. तुह्यासमोरच तं झालं सगळं."

ती उठून आली. कागद कूलरच्या वाऱ्यानं उडत होता आणि ती पेन हातात घेऊन तशीच उभी होती. सरांनी तळहात पुढं करून कागदाचा कोपरा दाबून धरला.

"लिही," ते म्हणाले. "पूर्ण नाव लिही."