पहिल्या कप्प्यातल्या चपला

उजवी चप्पल पायात जाईना. जेनिफरने टाच रेटली, पट्टा ओढून शेवटच्या भोकात अडकवला आणि आपल्याकडे कुणी बघत नाही ना, ते पाहिलं.

डॉ. सालोमी स्टॉपवॉच पुसत होत्या. आगाशीच्या चर्चच्या सभागृहालगतची ही लांबट खोली. फरशीवर दोन लाल रेघा, मध्ये पंचवीस फूट. नव्या भाताचा आगेरा हा सण झाला की पुढच्या रविवारी मल्टिपल स्क्लेरोसिसचे पेशंट इथे येत आणि या रेघेपासून त्या रेघेपर्यंत झपझप चालून दाखवत. मेंदूने पायांना धाडलेला निरोप वाटेतच अडखळतो, असा हा आजार. किती अडखळतो, ते डॉक्टर दर वर्षी सेकंदांत मोजत. चपलेमुळे आकडा चुकायला नको म्हणून प्रत्येकाचा एक जोड भिंतीतल्या कपाटात ठेवलेला, तळाला नंबर घातलेला. तो वर्षातून एकदाच पायात घालायचा. जेनिफर त्रेसष्ट नंबरची.

"त्याला दे माझ्याकडे," चाकाच्या खुर्चीतून कॅथरिन आंटी म्हणाल्या. सात महिन्यांचा डिलन त्यांच्या मांडीवर गेला आणि लगेच चष्म्याच्या दोरीला लोंबकळला.

जेनिफर चालली. घड्याळ थांबलं.

"सात पूर्णांक नऊ."

गेल्या वर्षी, डिलन पोटात असताना, सहा पूर्णांक चार होतं. तिला एकदम घरच आठवलं. सासूबाई वाईट नव्हत्या. दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, मूल होईल गं, पण त्याच्यामागे धावणार कोण? आता गोखिवऱ्याला घरी जाऊन त्यांना हा आकडा सांगायचा होता.

डॉक्टरांनी आकडा लिहिला नाही. त्या घड्याळाकडेही बघत नव्हत्या, तिच्या पावलांकडे बघत होत्या.

"बस. चप्पल काढ."

पावलावर पट्ट्याचा लालभडक वळ उठला होता. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि एकेका बोटाला टाचणीचं टोक टेकवलं. जेनिफरने प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, जुने बूट होतात का? तिने मान हलवली. बाळंतपणापासून काहीच होत नव्हतं. पाय जड वाटत, दाटल्यासारखे वाटत. आजारच वर चढतोय असं धरून तिने नवऱ्याला, कॅल्विनलाही सांगितलं नव्हतं. सात महिने रबरी स्लिपरांवर काढले होते.

"वेडी आहेस. पाय वाढलाय तुझा," डॉक्टर म्हणाल्या. "बाळंतपणात वाढतो काहीजणींचा. माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

दुसरा जोड कुठून आणायचा, यावर त्या विचार करू लागल्या. घरच्या स्लिपरा चालणार नव्हत्या, त्या सटकतात.

"माझ्या दे तिला," कॅथरिन आंटी म्हणाल्या.

 डॉक्टर कपाटाकडे गेल्या. पहिल्या कप्प्यातल्या चपला बारा वर्षांत कुणी पायात घातल्या नव्हत्या. कॅथरिन आंटींना तेव्हापासून उभंच राहता येत नव्हतं. तरी त्या दर वर्षी येत, डॉक्टर त्यांच्या नावापुढे 'चालता येत नाही' असं लिहीत, आणि कपाट लावण्याआधी स्वतः त्यांच्या चपलांच्या चामड्यावर तेलाचा हात फिरवत. चामडं अजून मऊ होतं.

जेनिफरच्या पायात त्या बेताच्या बसल्या. ती पुन्हा रेघेवर उभी राहिली. चालली.

"सहा पूर्णांक पाच." डॉक्टरांनी या वेळी लिहिलं. "चप्पल वेगळी, म्हणून अगदी तोच आकडा म्हणणार नाही मी. पण घरी सांग, पाय होते तिथेच आहेत."

वहीत शेवटचा रकाना होता, चपला बदलल्यास कारण. जेनिफरने बाजूने वाचलं. पाऊल लटकतं म्हणून बूट. घोट्याला पट्टा. काठी घेतल्यामुळे. पडून हाड मोडलं. पानभर तेच. डॉक्टरांनी तिच्या ओळीत लिहिलं, 'बाळंतपण', आणि पेन तिथेच क्षणभर राहिलं.

कॅथरिन आंटींनी मान लांब करून वाचलं.

"लग्नानंतर मी हिला विचारायला गेले होते," त्या जेनिफरला म्हणाल्या. "मूल होऊ देऊ का म्हणून. ही तेव्हा नुकती डॉक्टर झालेली. नको म्हणाली. मी ऐकलं."

"पुस्तकात तसंच होतं, कॅथी," डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या.

"होतं ना. मग पुस्तक बदलायला बसली ती. पंचवीस वर्षं." त्यांनी डिलनच्या मुठीतून दोरी सोडवून घेतली.

दोन वर्षांपूर्वी जेनिफरने हाच प्रश्न विचारला होता. डॉक्टरांनी तेव्हा कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला होता. परदेशातल्या मासिकात छापून आलेला त्यांचा शोधनिबंध, आजार असून आई झालेल्या आणि न झालेल्या बायकांचे वर्षानुवर्षांचे सेकंद. दोन्हींत फरक नव्हता. होऊ दे, म्हणाल्या होत्या.

"त्यातल्या आकड्यांची पहिली ओळ माझी आहे, बरं का," कॅथरिन आंटी म्हणाल्या. हनुवटी जरा वर गेली होती.

जेनिफरने चपला काढून दिल्या. डॉक्टरांनी त्या उलट्या केल्या आणि तळावरचा 'एक' हा आकडा खोडायला मार्कर उघडला.

"खोडू नको, सालू. खाली लिही."

डॉक्टरांनी एकच्या खाली त्रेसष्ट लिहिलं, दोन्ही चपलांवर. मग शाई वाळेपर्यंत त्या तशाच, चपला दोन्ही हातांत धरून, कपाटासमोर उभ्या राहिल्या.