शेवटून दुसरा भाग

"माळी," बाई म्हणाल्या. "खून माळ्यानंच केलाय."

चष्मेवाल्यांनी समाधानानं पाय पसरले. "चुकलात."

"अहो, पण कात्री त्याच्याच खोलीत सापडली की."

"सापडावी म्हणूनच ठेवलेली. लेखकाची चलाखी ती. तुम्ही दर वेळी नेमक्या तिथंच फसता, बाई. काढा आता रबर."

बाईंनी शेवटच्या प्रकरणाला लावलेलं रबर काढलं. पानं चाळली आणि कपाळावर हात मारला. "मावशी?"

"मावशी."

चष्म्यांचं दुकान मुलाच्या हाती सोपवल्यापासून चष्मेवाले तळमजल्यावर एकटेच राहत. मुलगा अधूनमधून फोन करी. तब्येत विचारून झाली की दोघांनाही पुढं काही सुचत नसे. लंगड्या इन्स्पेक्टरच्या रहस्यकथांचा नवा भाग पुस्तकांच्या दुकानात आला की मात्र चष्मेवाल्यांना हुरूप येई. जेवणखाण विसरून ते तो संपवत, शेवटचं प्रकरण रबरानं बंद करत आणि पुस्तक तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना नेऊन देत. बाईंनी आधी खुनी ओळखायचा, मगच रबर काढायचं. इतक्या वर्षांत त्यांना तो एकदाही ओळखता आला नव्हता.

"तुम्हाला मावशीचा संशय कुठं आला हो?" बाईंनी चहा ओतत विचारलं.

"चौथ्या प्रकरणात. ती नको इतकी रडते."

"नको इतकी," बाई हळूच म्हणाल्या. "आणि मधे कंटाळा कुठं आला का?"

बिचाऱ्या. लहान मुलासारखं सगळं समजावून सांगावं लागे. चष्मेवाल्यांनी सांगितलं, अगदी सावकाश. मग ते पुढं वाकले.

"पेपरात वाचलंत? पुढचा भाग शेवटचा. इन्स्पेक्टर मरणार म्हणे त्यात."

"लेखक थकला असेल. बोटं दुखत असतील त्याची."

"त्याची बोटं दुखतात म्हणून आमचा माणूस मारायचा?"

बाई हसल्या. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी कप बशीत उगाच फिरवला.

"त्यानंतर मी वर कशाला यायचं, बाई?"

"या की असेच. चहाला."

"असंच मला जमत नाही. कशा आहात, बरी आहे, संपलं बोलणं. मग नुसतं भिंतीकडं बघत बसायचं." ते खाली मान घालून बोलत होते. "कुणाचा तरी खून झालेला असला की बरं पडतं."

बाईंनी किटली उचलली. मग म्हणाल्या, "कप द्या इकडं. गार झाला असेल."

"नको. निघतो." पुस्तक काखेत मारून ते दारापर्यंत गेले, तिथं घुटमळले. "एक भाग आहे म्हणा अजून. त्यात तरी नीट ओळखा. लाज राखा माझी."

"बघते प्रयत्न करून."

कठड्याला धरून उतरणारी त्यांची पावलं बाई ऐकत राहिल्या. खालचं दार उघडलं, लागलं. मग सगळं शांत झालं.

बाईंनी आपलं दार लावलं आणि फोन उचलला.

"छपाई सुरू केलीत का?" त्यांनी प्रकाशकाला विचारलं. "मग थांबवा. शेवटचं प्रकरण मी नव्यानं लिहून देते. इन्स्पेक्टर मरत नाही."