पंचविसावी फेरी

घंटा वाजली तेव्हा मास्तरांच्या वहीत तेवीस रेघा होत्या.

त्यांनी पुन्हा मोजल्या. पाच-पाचांचे चार जुडगे आणि वर तीन. शर्यत पंचवीस फेऱ्यांची. शेवटच्या फेरीची घंटा चोवीस रेघांवर वाजायला हवी होती. पत्रकार कक्षात दुसरं कोणी रेघा ओढत नव्हतं. मैदानात उरलेल्या फेऱ्यांची पाटी असते, शेवटी छापील निकालपत्रक हातात येतं. मग मोजायचं कशाला? सगळ्यांच्या बातम्या निम्म्या लिहून झाल्या होत्या. सहाला पाच मिनिटं कमी होती आणि सहाला पानं छपाईला सुटायची.

"मास्तर, विक्रम मोडतेय बाई!" शेजारचा वार्ताहर खुर्चीतून अर्धा उठला. आवाजामुळे त्याला सगळे ढोल म्हणत. "आणि थोडाथोडका नाही, चांगला मिनिटभरानं!"

"मिनिटभरानं?"

"पंख फुटलेत तिला. तुम्ही लिहा हो."

काचेवर टकटक झाली. बाहेरच्या पायरीवर ती ब्लॉगवाली उभी होती. वर्तमानपत्राचं पत्र असल्याशिवाय कक्षात प्रवेश नाही, असा नियम होता, आणि त्या नियमाच्या कागदावर पहिली सही मास्तरांचीच होती. तीन वर्षं ती काचेबाहेर पायरीवर बसून लिहीत आली होती. आता तिनं दोन बोटं वर धरली होती. एक नव्हे, दोन.

"आली पायरीवाली," ढोल म्हणाला. "हिला आता विक्रमातही खोट दिसणार. ना पेपर, ना संपादक, ना कोणी विचारणारं. उचलली जीभ, लावली टाळ्याला."

दोघं-तिघं हसले. मास्तर हसले नाहीत. गेल्याच महिन्यात त्यांनी भालाफेकीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांची अदलाबदल केली होती आणि पेपरला चूक कबूल करणारी चौकट छापावी लागली होती. पुन्हा असं झालं तर मैदान बंद, घरी बसून जुन्या आठवणी लिहा, असं संपादकानं गोड आवाजात सांगितलं होतं. डोळ्याचं ऑपरेशनही आत्ताच झालेलं. राहिली असेल एखादी रेघ. एका बाजूला साठी उलटलेल्या माणसाची पेन्सिल, दुसऱ्या बाजूला पाच पंच.

तरी त्यांनी दार उघडून डोकं बाहेर काढलं. "काय गं?"

"सर, तेराव्या फेरीत ती मुलगी कोसळली ना, तेव्हा पाटीवाले पंच पाणी घेऊन धावले. जाता जाता त्यांनी पाटीवरचा आकडा उलटला. मग त्यांच्या जागी जे आले, त्यांनीही त्याच फेरीला पुन्हा उलटला. मी घसा फोडून ओरडले, पण इथलं खाली कोणाला ऐकू जातंय!" ती दम घ्यायला थांबली. "तुम्ही रेघा ओढता. मला काचेतून दिसतं. तुमच्या किती झाल्या?"

परीक्षेत शेजारच्यापासून पेपर लपवावा तशी मास्तरांनी वही छातीशी धरली.

"पंच बघतील काय ते," ते म्हणाले आणि आत आले.

खाली पहिल्या मुलीच्या छातीला फीत लागली. कर्ण्यावरून विक्रम जाहीर झाला. छायाचित्रकार धावले. कक्षात सगळे एकाच वेळी फोनवर बोलू लागले. वीस पावलांवरून दुसरी आली, तिनं रेषा ओलांडली आणि ती थांबलीच नाही.

"अगं बाई, संपली!" ढोल काचेला नाक लावून खदखदला. "लगाम घाला रे कोणीतरी!"

एका पंचानं दोन्ही हात हलवले, चार पावलं तिच्या बरोबरीनं धावला, मग नाद सोडून परतला. ती त्याच चालीत वळणावर शिरली. वेग वाढला नाही, उतरलाही नाही.

मास्तरांचा फोन वाजला. उपसंपादक होता.

"मास्तर, पाच कॉलम ठेवलेत. मथळा लावून तयार आहे. फक्त वेळ सांगा, बाकीचं मी जुळवतो."

मास्तरांनी वहीकडे पाहिलं. चोविसावी रेघ हातानं सवयीनंच ओढली होती. त्यांनी फोन कानाला तसाच धरला, दार ढकललं आणि पायरीवर येऊन वही तिच्यासमोर उघडी केली. तिनं आपली वही फिरवली. तिच्यात रेघा नव्हत्या, टिंबं होती. मास्तरांनी बोट ठेवून ती एकेक मोजली. चोवीस भरली.

"मास्तर? आहात ना?"

"मथळा काढ. विक्रम नाही. एक फेरी कमी झालीय."

"पंच म्हणतात?"

"पंच नाही म्हणत."

"बाकीचे पेपर?"

"ते विक्रम देतायत."

"मग म्हणतंय कोण?" उपसंपादकाचा आवाज खाली आला. "मास्तर, गेल्या महिन्याचं लक्षात आहे ना? तुमच्यासाठी सांगतोय."

"लक्षात आहे. मी म्हणतोय. आणखी एकीनं मोजलंय."

"कुठल्या पेपरची?"

"कुठल्याच नाही."

पलीकडून नुसता कळफलकांचा खडखडाट ऐकू येत राहिला. काचेमागून ढोल मनगटावर बोट आपटून मास्तरांना वेळ दाखवत होता.

दुसरी मुलगी शेवटच्या वळणातून बाहेर आली. फीत गुंडाळून झाली होती. पंच विजेतीच्या भोवती फोटोसाठी ओळीत उभे होते. त्यांतल्या कोणाचंच तोंड मैदानाकडे नव्हतं. ती त्यांच्या पाठीमागून रेषेवर आली, आपल्या मनगटावरचं घड्याळ आपणच दाबलं आणि मग गुडघ्यांवर हात टेकून वाकली.