हिवराच्या पलीकडे

चेंडू पुन्हा उंच चढला आणि वावराच्या कडेच्या धुऱ्याच्या अलीकडेच पडला.

"काय व पोरी, आभाळाले मारून राह्यली का?" मोबाइल खाली करत रूपराव म्हणाले. "मनगट लवकर सोडून राह्यली तू."

"समजते मले, बाबा. हात आयकत नाई, त मी काय करू?"

रूपराव नागपूरच्या एका गोल्फ मैदानावर माळी होते. निवृत्त होऊन हिंगणीला परतताना त्यांनी चेंडू मारायचा एक जुना क्लब आणि पिशवीभर चेंडू सोबत आणले. त्यांची मुलगी वर्षाली कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या वावरात त्याच क्लबनं खेळायला शिकली. रविवारी नागपुरात गोल्फची निवड चाचणी होती. चेंडू हवेतून निदान जितका जायला हवा होता, तितक्या अंतरावर धुऱ्यापलीकडे हिवराचं झाड उभं होतं. रूपरावांनी ते अंतर स्वतः मोजलं होतं.

गेल्या वर्षी तिचा चेंडू हिवराच्याही पुढे जायचा. मग एकदा क्लब मातीतल्या दगडावर आपटला आणि मनगट मोडलं. सेवाग्रामला प्लास्टर झालं. हाड नीट जुळलं, खेळायची परवानगीही मिळाली. रूपरावांनी वावरातला दगड न् दगड वेचून धुऱ्यावर टाकला. तरी मनगट घाबरतंच, असं दोघांनी मानून घेतलं होतं.

दुपारी वर्षाली बाजेवर पडून बाबांनी काढलेले व्हिडिओ बघत होती. रोज ती ते अगदी हळू चालवून बघायची. चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी हात चेंडूच्या पुढे हवेत, दांडा किंचित पुढे झुकलेला हवा. तिचे हात मागेच राहायचे. मनगट आधीच उलगडायचं, क्लबचं तोंड वर वळायचं आणि चेंडू नुसताच उंच जायचा. प्रत्येक व्हिडिओत त्याच सुमारास चित्रही हलायचं. मोबाइल जुना आहे, एवढाच अर्थ तिनं त्यातून काढला होता.

हळू चालवलं की आवाज बंद व्हायचा. आज तिनं सहज नेहमीच्या वेगानं लावलं, आणि तिला आवाज ऐकू आला. कुणीतरी दातांतून श्वास आत ओढला होता.

तिनं पुन्हा लावलं. आधी तो श्वास. मग चित्र हललं. मग मनगट सुटलं. क्लब चेंडूला लागला तो त्यानंतर. तिनं आदल्या दिवशीचा व्हिडिओ पाहिला, त्याच्या आधीचा पाहिला. क्रम कुठेही बदलला नाही.

सांगितलं असतं तर बाबांनी श्वास रोखून धरला असता, आणि तिचे कान त्या रोखलेल्या श्वासाकडे लागले असते.

ऊन उतरल्यावर दोघं वावरात आले. रूपरावांनी खिशातून मोबाइल काढला.

"बाबा, तुमी आज हिवरापाशी जाऊन उभे राहा न."

"काऊन? मंग व्हिडिओ कोण काढन?"

"राहू द्या व्हिडिओ. चेंडू कुठं पडते, ते मले इथून नीट दिसत नाई."

"दिसत नाई? धुऱ्याच्या अलीकडं त पडते. आंधळ्यालेई दिसन!"

पण ते गेले. धुरा ओलांडून झाडापाशी पोचले, जरा बाजूला उभे राहिले आणि हात वर केला. एवढ्या लांबून तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. जवळपास कुठेतरी टिटवी ओरडत होती, बाकी काही नाही.

वर्षालीनं क्लब उचलला. तो खाली येताना तिनं मनगटाचा विचार केला नाही. चेंडू सुटला आणि त्याच्यामागून काळ्या मातीची पातळ चकती उडाली.

रूपराव सवयीनं धुऱ्याकडे दोन पावलं आले. मग थांबले. त्यांची मान हळूहळू वर गेली, आणि चेंडू आणायला ते तिच्याकडे पाठ करून हिवराच्या पलीकडे चालू लागले.