पाय धुवायचा गुरुवार

"आक्का, जरा तरी पाय धुऊन यायचं की! चर्चमधी बसायचंय तुमाला, म्हशीच्या गोठ्यात न्हाय!"

बलभीम दारातच कमलबाईवर खेकसला. बलभीम म्हंजी मंडळीचा पंच. आवाज असा, की त्याच्या हातात माईक उगाच देतात.

"धुवायला बोलवलंय ना? मग धुऊन कशाला येऊ?" कमलबाई म्हणाली. "जेवायला बोलवल्यावर तू घरनं जेवून जातोस व्हय रं?"

ती काठी टेकत आत गेली अन् राहिलेल्या एका खुर्चीवर बसली.

भूम गावचं हे चर्च म्हंजी पत्र्याची एक लांब खोली. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी इथं पाय धुतात. येशूनं बारा शिष्यांचे धुतले, म्हणून पाळक मंडळीतल्या बाराजणांचे धुतो. पुढं बारा खुर्च्या मांडलेल्या. बाकीच्या अकराजणांचे पाय असे चकचकीत, जणू लग्नालाच निघालेत. रामहरी मास्तरांनी टाचा दगडानं घासलेल्या. अर्पितानं तर नेलपॉलिश लावलेलं. दरवर्षी असंच. पाळकापुढं मळका पाय कोण धरणार?

कमलबाईच्या डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. मळून मातीच्या रंगाचं झालेलं. वास येत होता. शेजारच्या अर्पितानं नाकाला ओढणी लावली.

"मागं बसा आक्का. ऐका माझं," बलभीम परत आला.

"न्हाय बसत, जा."

तेवढ्यात गाणं सुरू झालं, म्हणून भांडण तिथंच राहिलं.

पाळक नवीन. पोरसवदाच. नम्रतेवर बोलला, लई चांगलं बोलला. मग घमेलं घेऊन गुडघ्यावर बसला. तांब्यातलं थोडं पाणी, टॉवेल टेकवला, पुढचा पाय. असं करत करत कमलबाईपर्यंत आला. फडक्यावर चार थेंब टाकले, टॉवेल टेकवला अन् उठायला लागला.

"एवढंच व्हय?" कमलबाईनं विचारलं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पाळक गडबडला. "आजी, हे प्रतीक असतं."

"म्हंजी?"

कमलबाईनं बलभीमकडं बघितलं.

"आरं, तूच रविवारी माईकवर सांगितलंस ना, गुरुवारी पाय धुणार म्हणून? तवापासनं म्या थांबलेय. मला वाकता येत न्हाय. एकटीला हे फडकं सुटंना. म्हटलं, चर्चमधी धुतील."



बलभीमचं तोंड लालबुंद झालं. "मग रविवारीच का न्हाय बोललात? एरवी तोंड थांबतं का तुमचं? पाणी भरताना सगळ्या गल्लीला ऐकू जातंय, अन् पाय सडला तरी गप्प?"

बोलत बोलत तो खाली बसला. नव्या पँटीवर तिचा पाय घेतला.

"अर्पिता, कोमट पाणी आण. नाक सोड आधी."

फडकं चिकटलं होतं. बलभीम पाणी सोडायचा, फुंकर मारायचा, परत बडबडायचा. पाळक झगा गुंडाळून शेजारी बसला अन् टाच धरली. बोटांच्या मधली माती त्यानं अंगठ्यानं काढली. कमलबाईनं डोळे मिटले.

"सावकाश," बलभीम पाळकावरच ओरडला. "बाईमाणसाचा पाय हाय, बैलाचा खूर न्हाय!"

फडक्याचा शेवटचा पदर सुटला. करंगळी दिसली. काळीनिळी.

"दुखतंय का इथं?" बलभीमनं ती दाबली.

"तिथं काहीच कळत न्हाय."

बलभीम गप्प झाला. त्याला असं गप्प झालेलं मंडळीनं कधी बघितलं नव्हतं. त्यानं टॉवेल पायाला गुंडाळला, तिला उठवलं अन् खिशात गाडीची चावी चाचपली.

"बलभीमराव, प्रभुभोजनाची भाकर घ्यायचीय अजून," रामहरी मास्तर म्हणाले.

"तुमी घ्या."

"आरं, पण माझा दुसरा पाय ऱ्हायला की!" कमलबाई म्हणाली.

"दुसरा उद्या घरी येऊन धुतो. चला आक्का, दवाखान्याला आता निघायचंय."