कडू बाटली

दोघी जावांच्या लिव्हरवर सारखीच चरबी चढली होती. डॉक्टर एका झाडपाल्याच्या अर्काची चाचणी घेत होते, त्यात दोघींनी नावं दिली. एकीच्या बाटलीत खरा अर्क, दुसरीच्या नुसतं कडवट पाणी. कुणाला काय, ते शेवटी कळणार.

पहिल्याच घोटाला धाकटीनं तोंड वाकडं केलं. "ताई, जहर आहे हो नुसतं!"

थोरलीच्या पोटात दुखलं. तिला तिची बाटली एवढी कडू लागलीच नव्हती. म्हणजे खरं औषध हिलाच! सासूची माया हिला, नवऱ्याचं कौतुक हिला, आता लिव्हरही हिचंच सुधारणार? तिनं गुपचूप बाटल्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या सोडवल्या आणि बदलून चिकटवल्या. दर खेपेला नव्या बाटल्या आल्या, की हाच उद्योग.

चाचणी संपली. धाकटीची चरबी निम्म्यावर आली, थोरलीची वाढली.

डॉक्टर चक्रावले. "ताई, औषध तुमच्याच बाटलीत होतं. पण तुम्हाला ते लागूच पडलं नाही."

मग त्यांनी धाकटीकडे बोट दाखवलं.

"तुमच्या उरलेल्या बाटल्या आता ह्यांना देतो. नुसत्या पाण्यानं एवढा गुण आलाय, औषधानं तर बघायलाच नको!"