नवऱ्याच्या नावाचं मलम

"मूळव्याधीचा त्रास कमी झाला का, यशवंतराव?" औषधाच्या दुकानदाराने विचारलं. "वहिनी वर्षभर तुमच्यासाठी मलम नेतायत."

यशवंतला मूळव्याध नव्हतीच. घरी येऊन त्याने बायकोला विचारलं, तेव्हा शालनने मान खाली घातली. रक्त तिला पडत होतं. दुकानात स्वतःसाठी मलम मागायची लाज वाटली, म्हणून तिने नवऱ्याचं नाव सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "ही मूळव्याध नाही, कॅन्सर आहे. फार उशीर झालाय."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"भाऊजींना मूळव्याध झाली, तेव्हा तुम्ही चारचौघांत त्यांची थट्टा केलीत," शालन म्हणाली. "माझीही कराल, असं वाटलं."

ती थट्टा यशवंतला आठवतसुद्धा नव्हती.